कॅरिअरवर बसा

भिलाईत कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत माणूस रस्त्याने पळताना दिसला, की त्याचा एकच अर्थ होई: याला ड्युटीला उशीर झाला. अशा माणसाला सायकलवाल्याने थांबून कॅरिअरवर घ्यायचे, ही आमच्या वस्तीची रीत. कोणाला पाणी विचारावे तितक्या सहज लोक "बसा" म्हणत. मी मॅरेथॉनची तयारी सुरू केली आणि हीच रीत माझ्या मुळावर आली.

कारखान्याच्या खेळांत त्या वर्षी मॅरेथॉन ठेवली होती. ऑफिसात कोणीतरी माझ्या पोटाकडे पाहून म्हणाले, यांचे नाव घाला, आणि मी रागाच्या भरात खरेच घातले. घरी सांगितले तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले नाही.

"याचं बी रशियनसारखंच होईन," एवढेच म्हणाली.

ते झोंबले, कारण खरे होते. रशियन इंजिनिअरांशी बोलता यावे म्हणून मी शिकवणी लावली होती आणि नमस्कार-धन्यवादापर्यंत येऊन सोडली होती. त्याआधी तबला, त्याआधी होमिओपॅथी. मी पक्का आरंभशूर. ही शर्यत पुरी होईल असे मलाही वाटत नव्हते. पण आयुष्यात एकदा तरी काहीतरी शेवटपर्यंत न्यायची फार इच्छा होती.

बायकोने विरोध केला नाही, माझ्या पळण्याचा उपयोग केला. जाऊनच राहिले पावर हाउसच्या बाजाराकडे, तर भाजी आणा, म्हणाली. मग रोज सकाळी माझ्या हातात पिशवी. कधी वांगी, कधी धाकटीचे औषध, एकदा तर चक्कीवरचे पीठ. टोमॅटो घरी पोचेपर्यंत चटणीच्याच लायकीचे उरत. त्यात वाटेत सायकली थांबत. मी उगीच पळतोय असे सांगितले, की लोक काळजीने बघत आणि घरी सगळे बरे आहे ना, असे विचारत. दोनदा तर भिडेखातर बसलोही. ही भीड तुम्हाला दमल्यावरच कशी पडते, असे बायकोने विचारले.

शर्यतीच्या दिवशी हात रिकामा, म्हणून तोलच साधेना. बाकीचे केव्हाच पुढे गेले. आमच्या सेक्टरपाशी आलो तेव्हा पायांत गोळे आले होते, ऊन डोक्यावर होते आणि मी चक्क चालत होतो. नेमकी दुपारच्या पाळीची वेळ. शेजारचे वर्धेकडचे गृहस्थ सायकलवरून कामाला निघाले होते, ते थांबले. "बसा ना बाप्पा, भोंगा होऊन गेला," म्हणाले.

मला रडू आले. इतके पळालो हे काय कमी, असे मी मनात म्हणालो. घरी काय सांगायचे तेही ठरवून टाकले आणि कॅरिअरवर हात ठेवला.

बायको धाकटीला कडेवर घेऊन कोपऱ्यावर उभी होती, हे मी पाहिलेच नव्हते. ती पुढे आली. चार लोकांत माझा हात तिने कधी धरला नव्हता. तो धरून तिने कॅरिअरवरून काढला.

"तुमी जा भाऊजी," ती त्यांना म्हणाली. "हे ड्युटीवर नाई चालले. हे पळून राहिले."

इतके दिवस ही साधी गोष्ट मला कोणालाही पटवता आली नव्हती. शेजारी मान हलवून निघून गेले. शर्यत पावर हाउसच्या मैदानावर संपणार होती. बायकोने काखेतली पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"पोचल्यावर कोथिंबीर घ्या," ती म्हणाली.

'पोचलेच तर' असे ती म्हणाली नाही. पिशवी हाती येताच पायांना ओळखीचे वाटले. मी पोचलो तेव्हा मंडपाचे खांब उपटणे चालले होते आणि एक जण माझ्यासाठी कंटाळून थांबला होता. कोथिंबीर संपली होती, म्हणून मेथी घेतली. घरी मात्र कॅरिअरवर बसून आलो.