हातात दिलेला जुना प्रोसेसर

कर्जतच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं. प्रोसेसर बदलून देतो म्हणाला, बदलला नाही, आणि बदलल्याचे पैसे घेतले. फसलो मी. भोगते आहे माझी मुलगी.

माझा भंगाराचा धंदा आहे. साजगावच्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर गोणी घेऊन उभा राहायचो, तिथून सुरुवात. आज खोपोलीच्या रस्त्याला माझं पत्र्याचं आवार आहे, काटा आहे, टेंपो आहे. यातलं काही कोणी दिलेलं नाही. घासाघीस करून, भांडून, वेळ आली तर कॉलर धरून मिळवलं. पितळेच्या नावाखाली पिवळं पॉलिश मारलेलं लोखंड मी लांबून ओळखतो. बाजारात मला फसवायला कोणी सहसा येत नाही. याने मला माझ्याच सवयीने फसवलं, म्हणून जास्त झोंबतं.

मुलीने डिप्लोमा केला आणि साजगावच्याच एका साचे बनवणाऱ्या कारखान्यात तिला ड्रॉइंगचं काम मिळालं. ज्या फाटकाबाहेर मी गोणी घेऊन उभा राहायचो, ते फाटक यांचंच. ऑफिसात जागा नव्हती म्हणून सध्या घरून काम कर, हात बसला की कायम करू, असं तिथले साहेब म्हणाले. घरात एक जुना कॉम्प्युटर होता. बंद पडलेल्या एका ऑफिसचा माल उचलला तेव्हा मीच ठेवून घेतलेला. पत्र लिहायला, बिलं काढायला बरा होता, पण साच्याचं ड्रॉइंग उघडलं की त्याला धाप लागायची. ती एखादा भाग पडद्यावर फिरवायला घ्यायची. तो अर्धा फिरून तिथेच थांबायचा. आतला पंखा ओरडायला लागायचा आणि ती हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायची.

"पप्पा, याचा प्रोसेसर बदलला तर चालेल," ती म्हणाली. "अख्खा नवीन घ्यायची गरज नाही. आय-थ्री काढून आय-सेव्हन बसवायचा. वापरलेला पण चालेल."

हा कॉम्प्युटरवाला माझ्या ओळखीचा. त्याच्या दुकानातलं भंगार मीच उचलायचो, त्यामुळे माझी खोड त्याला पाठ होती. आमच्याकडे गॅरेजची एक रीत आहे. पार्ट बदलला की जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. क्लच प्लेट असो नाहीतर नळाचा वॉशर. जुना हातात आला, म्हणजे नवा बसला. मी आयुष्यभर याच हिशोबाने वागलो. जुना पार्ट बघितल्याशिवाय कोणाला पैसे दिले नाहीत.

त्यालाही तेच सांगितलं. तो हसला. "शेठ, तुम्ही नाही मागितला तरी देणार. फडक्यात बांधून देतो."

मग दर. मी माझा आकडा सांगितला. एरवी समोरचा कपाळाला हात लावतो, पोराबाळांची शपथ घेतो, मी उठून दारापर्यंत जातो, तो हाक मारतो. याने काहीच केलं नाही. "तुमच्याशी काय घासाघीस करायची, शेठ," म्हणाला आणि कॅबिनेट आत घेऊन गेला. विकणारा कुरकुरला नाही की मी सावध होतो. त्या दिवशीही शंका आली. पण पडलेला दर बघून मी खूश होतो. "चहा पिऊन या, काका, तेवढ्यात होतं," असं तो आतून ओरडला आणि मी गेलो.

परत आलो तर कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर त्याने कॉम्प्युटरची माहिती उघडून दाखवली, त्यात आय-सेव्हन लिहिलेलं. मग जुना प्रोसेसर माझ्या तळहातावर ठेवला. चौकोनी चकती, वर पंख्याखाली लावतात ती वाळलेली पेस्ट, आणि खाली शेकडो बारीक सोनेरी पिना. मी त्या पिना उजेडात धरून बघितल्या. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, भंगारात पिनांच्या प्रोसेसरला दर चढा मिळतो. माझ्या मनात आलं, हाही वर मिळाला. खिशात टाकला. त्याने कॅबिनेटच्या जोडावर स्टिकर लावला. "हा फाडला की वॉरंटी गेली बघा," म्हणाला.

मी तो घरी आणला, मुलगी कामाला बसली. संध्याकाळी म्हणाली, "तसंच अडकतंय."

मी दुकानात फोन लावला. तो म्हणाला, "मशीन ओके आहे, काका. हेवी सॉफ्टवेअर आहे, चालवणाऱ्याचा हात बसावा लागतो. पोरीला म्हणावं, जरा प्रॅक्टिस कर."

हेच वाक्य त्याने मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. दर फोनला तेच. आणि मी ते घरात नेऊन ठेवलं. का नाही नेणार? जुना पार्ट माझ्या हातात होता. पडद्यावर नाव होतं. मुलगी म्हणत होती मशीन अडकतं, आणि माझ्याकडे मशीन बदलल्याचा पुरावा होता. एके दिवशी तिने पुन्हा तक्रार केली तेव्हा माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "मशीन सातवालं झालं, तू तीनवालीच राहिलीस."

त्यानंतर तिने तक्रार केली नाही.

ती जास्त वेळ बसायला लागली. जेवणाचं ताट कीबोर्डशेजारी नेऊ लागली. पंखा रात्री उशिरापर्यंत ओरडत असायचा. कारखान्यातून साहेबांचा फोन आला की ती गॅलरीत जाऊन बोलायची. एकदा मला त्यांचा आवाज ऐकू आला, "ड्रॉइंग चांगलं असतं गं, पण हात फार संथ आहे तुझा." ती नुसतं "हो सर" म्हणत होती. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी तिच्या जागी दुसऱ्या मुलाला घेतलं.

ती रडली नाही. कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली आणि बाजूला झाली. तिची आई एके दुपारी आवारात आली. ती कधी येत नाही. काट्याशी उभी राहून म्हणाली, "अवो, ती मला विचारते, मी संथ हाय का गं? भाजी चिरताना विचारते. कपडे वाळत घालताना विचारते. रडली असती तर बरं झालं असतं. मला भीती वाटते."

"होईल ठीक," मी म्हणालो. माणसं गाडी भरत होती, त्यांच्याकडे बघत म्हणालो.

गणपतीनंतर एका शाळेतून जुन्या कॉम्प्युटरांची गाडी आली. माणसं कॅबिनेट फोडत होती, मी प्रोसेसर वेगळे करत होतो, कारण पिनांचे आणि बिनपिनांचे दर निराळे. एक कॅबिनेट हातात आलं, हुबेहूब आमच्या घरातलं. तीच कंपनी, तेच मॉडेल. पंखा काढला, खिट्टी उघडली, प्रोसेसर उचलला. तो खालून सपाट निघाला. नुसते ठिपके. पिना खाली बोर्डातच होत्या, केसांसारख्या बारीक.

मी त्याच मॉडेलचं दुसरं फोडलं. त्यातही तसंच.

त्याने हातात दिलेला प्रोसेसर मी आवारातल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फडक्यात बांधून ठेवला होता. तो आणून त्या जागेवर ठेवून बघितला. बसणं शक्यच नव्हतं. मापही वेगळं. हा प्रोसेसर आमच्या कॉम्प्युटरमध्ये कधी नव्हताच. दुसऱ्याच कुठल्या मशीनचा, त्याच्या कचऱ्यातला. पिना बघून मी भुलणार हे त्याला माहीत होतं.

टेंपो तिथेच सोडून मी मोटरसायकलने घरी गेलो. चादर ओढली, स्टिकर फाडला, झाकण काढलं. पंख्याच्या स्क्रूंवर जुनी धूळ चिकटून बसलेली. पेचकस लागल्याची खूण नाही. पंखा काढला. खालची पेस्ट चुन्यासारखी वाळलेली. अंगठ्याने पुसली तर खाली आय-थ्री. पडद्यावरचं नाव नुसतं बदलता येतं हे मला नंतर कळलं. दुकानाची पाटी रंगवावी तसं.

माझी घाई नडली. मुलीला आत बसलेला दाखवायच्या आधीच मी तो उपटून काढला आणि हातात धरून तिच्यासमोर गेलो. सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पप्पा, असे प्रोसेसर तुमच्या आवारात ढिगाने पडलेत."

"हा आपल्या मशीनमधला आहे. आता काढला."

"असेल. पण तुम्ही माझ्यासाठी कोणाशी भांडू नका." आणि माझ्या खांद्याला हात लावून आत गेली. तिला वाटलं, बाप तिची समजूत काढतोय. मी बाजारात खोटं बोलून दर पाडतो हे तिने लहानपणापासून बघितलंय. माझ्या शब्दाला घरात वजन राहिलेलं नाही.

मी कर्जतला गेलो. दुकानात गर्दी होती. तो मला बघून उठला नाही. काढलेला आय-थ्री मी त्याच्या टेबलावर ठेवला.

"स्टिकर फाडलात ना, काका? मग आता मी काय बोलू?"

"रं, तू आत हात तरी घातलास का?"

त्याने आजूबाजूला बघितलं, मग गल्ला उघडला. "घ्या तुमचे पैसे. विषय संपवा."

बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक हसलं. "शेठ, घ्या. व्याज पण मागा, तुम्ही कसले सोडताय."

मी नोटांना हात लावला नाही. म्हणालो, "माझ्या घरी चल. पोरीला सांग, मशीन बदललं नव्हतं. एवढंच. पैसे ठेव तुला."

"मी कशाला येऊ? तिला कामावरून मी काढलं का?" तो नोटा परत ठेवत म्हणाला. "पैसे नको असतील तर जा. माझा धंद्याचा टाइम आहे."

मी त्याची कॉलर धरली नाही. आयुष्यात पहिल्यांदा हात आवरला, कारण मला तो चालत माझ्या घरी यायला हवा होता.

तो आलेला नाही. मुलगी आता साजगावलाच दुसरीकडे पॅकिंगला जाते. ड्रॉइंगचं नाव काढत नाही. कंपनीची गाडी असते, पण हल्ली ती घराच्या बरंच आधी उतरते आणि नदीच्या कडेने चालत येते. विचारलं तर म्हणते, चालावंसं वाटलं. रोज थोडा जास्त उशीर होतो. तिची आई दिवा लावून दारात उभी राहते आणि रस्त्याकडे बघत राहते, मीही तिच्या मागे उभा असतो, आणि मुलगी वळणावर दिसेपर्यंत आम्ही दोघं आत जात नाही.

तिला संथ कोणी ठरवलं? साहेबांनी मशीनचा वेग बघितला आणि तिचा समजले. मी हातातला पार्ट बघितला आणि तिला बोललो. ते बोलणं माझ्या तोंडून निघालं, पण कॉम्प्युटरवाल्या, माझ्या तोंडात ते तू घातलंस, फोनवर, गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता. माझं ती मानत नाही, तुझं मानेल. तुला माझं घर माहीत आहे, भंगाराचे पैसे न्यायला तू तिथेच यायचास. ये, तिच्यासमोर उभा राहा, आणि तिला जबाब दे.