पट्टीखालचं नाव

सिन्नरच्या कारखान्यात कॉम्प्युटर यायच्या आधी आमचे टायपिस्ट माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. मी जावक कारकून. नाशिकच्या द्वारका चौकातून आम्ही कंपनीच्या एकाच बसने यायचो, पण वाटेत ते कोणाशी बोलत नसत. बोलायचे ते फक्त मशीनशी. "शेपूट जोडायच्या आधी बूड बघ. शेवटी ई आहे ना? मग नुसता डी लाव." इंग्रजी स्पेलिंगचे नियम असे पुटपुटत ते बोटं चालवायचे. साहेबांच्या मसुद्यातल्या चुकाही गुपचूप सुधारायचे. पण मजकुरात काय लिहिलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. त्याचा मला राग यायचा.

त्या दुपारी साहेबांनी अकरा जणांना कामावरून कमी करण्याचा मसुदा आणि नावांची यादी पाठवली. ती माझ्याच हातून गेली, म्हणून शेवटचं नाव मला माहीत होतं. टायपिस्ट मात्र सवयीप्रमाणे यादीवर पट्टी ठेवून एकेक ओळच उघडत होते. दहावं पत्र निघालं तेव्हा मी हातातलं जावक रजिस्टर मिटलं.

पट्टी खाली सरकली. मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, त्याच वेगात.

कागद काढून त्यांनी वाचला. "ई दोनदा पडला," म्हणाले, आणि पत्र फाडलं.

"राहू द्या ना," मी कसंबसं म्हणालो. "तुमचंच तर आहे."

"म्हणून काय चुकीचं जाऊ देऊ?" त्यांनी नवा कागद चढवला.

सह्या होऊन आल्यावर त्यांनी आपलं पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"जावक नंबर टाका. पोस्टाचं तिकीट लावू नका, मी बरोबरच नेतो."