अमेरिकेचं वावधन आणि आंजीचं छप्पर

सिनेमा अडीच तासांत संपतो, पण आमची मंडळी तो बघून आली की त्याचे किस्से पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतात. वादळाचा पाठलाग करणाऱ्यांच्या त्या सिनेमाचा दुसरा भाग आला आणि किश्श्यांचा नुसता ढीग लागला! सिंदी रेल्वे या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मंडळींचा अधिकृत परीक्षक मीच, म्हणजे कुठल्या सिनेमाला किती मार्क ते मी ठरवतो. यावेळी मात्र माझं कोणी ऐकलं नाही.

कारण आमचे शेजारी गजूभाऊ. घरांवर टिनाचं छप्पर बसवायचं त्यांचं काम. मागच्या उन्हाळ्यात वावधन, म्हणजे वादळ, सुटलं आणि आंजी गावात त्यांच्या मुलीच्या सासरचं छप्पर उडालं. ते गजूभाऊंनीच बसवलेलं! दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांनीच ते परत ठोकूनही दिलं. तरी तेव्हापासून व्याही नामदेवराव सुनेला, म्हणजे रंजूला, येता-जाता ऐकवायचे, "तुह्या बापाचे टिन!" मला पोरीसाठी फार वाईट वाटायचं. त्यात यंदा गुरांचा नवा कोठा बांधायचा होता आणि त्याचं टिनाचं काम वर्ध्याच्या माणसाला देणार, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं.

गजूभाऊंनी पोस्टर पाहिलं आणि ठरवलं, "इवाईले हा पिच्चर दाखवतोच! अमेरिकेचेही टिन उडते म्हना!"

*

आधी आम्ही तिघं ट्रायलला गेलो. मी, गजूभाऊ आणि त्यांची बायको सुनंदावहिनी. वर्ध्याला, दुपारचा शो. पडद्यावर आभाळ काळं झालं, वारा सुटला, खुर्च्या थरथरायला लागल्या. वहिनी ताडकन उभ्या!

"अवो, गच्चीवर कुरड्या वाळत हायेत!"

"बस ना! हे अमेरिकेतलं वावधन हाय!"

"मंग? इकडं याले त्याले किती वेळ लागते?"

वहिनी अर्ध्या सिनेमातून उठून बसस्टँडवर गेल्या. कुरड्या वाचल्या!

*

बाहेर आल्यावर मी निकाल दिला. वादळ झकास, गोष्ट पातळ, एवढ्या वाऱ्यात हिरोईनचे केस जागच्या जागी. दहापैकी सहा.

गजूभाऊ भडकले. "सहा? टिन धरायचे हूक पाह्यले काय तुमी? दोन-दोन हातावर एक हूक! असं टिन राहीन काय? त्या मिस्त्र्याले मी कामावर नसतं घेतलं!"

"आणि हिरोचं काम कसं वाटलं?"

"हिरो कोन व्हता?"

मी हळूच विचारलं, "पण आंजीला तर तुम्ही हातभर अंतरावर हूक मारले होते ना?"

"ते वावधनच तसं व्हतं!" म्हणाले आणि बस येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

*

दुसऱ्या खेपेला नामदेवरावांना आणलं. वावरातून उठून आलेला माणूस, त्याला थिएटरचा एसी लागला. वादळ यायच्या आधीच घोरायला लागले! इकडे पडद्यावर अख्खं गाव उडून राहिलंय. गजूभाऊंनी त्यांना गदागदा हलवलं, "इवाईबुवा, उठा! छप्पर उडालं!"

नामदेवराव दचकून उभे राहिले आणि ओरडले, "पुन्हा?"

सगळं थिएटर हसलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "मी कुठं पाह्यलं? कोठ्यासाठी वर्ध्याचाच मानूस येईन."

*

दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. गजूभाऊ तिसऱ्यांदा तिकिटं घेऊन हजर! या वेळी रंजूही होती. दारावरचा तिकीट फाडणारा म्हणाला, "काका, शेवट तोच हाय बरं!"

"असू दे. आमाले मधातलं पाह्याचं हाय."

व्याह्यांना आधी दोन कप चहा पाजला. एका बाजूला गजूभाऊ बसले, दुसऱ्या बाजूला मी, डुलकी लागली की कोपर मारायला. कोपराची गरज पडली नाही. नामदेवराव टक्क डोळे उघडे ठेवून बघत होते. घरं उडाली, शाळा उडाली, पेट्रोलपंप उडाला. दर छपराला गजूभाऊ म्हणायचे, "पाहा!"

सुटल्यावर आम्ही रसवंतीवर बसलो. रंजूचा ग्लास तसाच भरलेला. शेवटी गजूभाऊंनीच विचारलं, "मंग, इवाईबुवा? कसा वाटला?"

नामदेवरावांनी रस संपवला, मिशा पुसल्या.

"एवढे छप्परं उडाले, गजूभाऊ. पन दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडा घिऊन कोन्याच पोरीचा बाप आला नाई." मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "कोठ्याचं माप घ्याले कवा येता?"