सोका आणि दशम्यांचं फडकं

शारजाहून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला निघालो तेव्हा गाडी चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा, श्रीकांतचा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता. मी पुण्याहून त्याच्याकडे राहायला आले होते; दशम्यांचा बिनझाकणाचा डबा फडक्यात बांधून मांडीवर घेतला होता. त्याची मुलगी ऋचा कार्यक्रमासाठी बँडबरोबर पुढे गेली होती.

ऋचा तिकडे अमिरातीतच वाढली. तिथल्या मराठी ढोलपथकात ती ताशा वाजवते. तो ऐकून ऑफिसमधल्या केशा नावाच्या त्रिनिदादच्या मैत्रिणीने तिला आपल्या सोका बँडमध्ये ओढलं. सोका म्हणजे कॅरिबियन बेटांवरचं, पाय स्वस्थ बसू न देणारं उत्सवी संगीत. तिकडे ते आता जिमपासून लग्नाच्या पार्ट्यांपर्यंत शिरलंय. श्रीकांतच्या मते मात्र तो नुसता धांगडधिंगा. "बाबांना नाही आवडलं तर मी सोडणार," ऋचाने मला सांगून ठेवलं होतं, आणि ती हट्टी बापाचीच लेक आहे. मला धाकधूक होती.

वाटेत उघडेबोडके तपकिरी डोंगर, बोगद्यामागून बोगदे, मग एकदम निळा समुद्र आणि बंदरातल्या उंच क्रेन. किनाऱ्यावर डबल्स (मऊ पुऱ्यांमध्ये छोले) खाल्ले. उसाच्या मळ्यांवर गेलेल्या हिंदुस्तानी मजुरांनी छोले नेले तसा ताशाही त्रिनिदादला नेला, हे केशाने सांगितलं तेव्हा मला उगाचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

कार्यक्रम सुरू झाल्यावर आम्ही दोघांनी दोन खुर्च्या ओढल्या आणि अगदी पुढे, शास्त्रीय मैफलीला बसावं तसे, जराही न हलता-डुलता बसलो. मागे फिलिपिनो, मल्याळी, अरब पोरं हातातले रुमाल फिरवत नाचत होती. तिसऱ्या गाण्यानंतर ऋचाने ताशा गळ्यातून काढला आणि आमच्याकडे आली.

"इट्स ओके, बाबा. खलास. आय गेट इट."

श्रीकांतला काही कळेना. केशा तिच्या मागोमाग आली. "अंकल, सोका बसून ऐकणं म्हणजे 'आवडलं नाही' असं सांगणं," तिने इंग्रजीत समजावलं. "आवडलं तर उठून फडकं हलवायचं."

"अगं, एक मात्रा चुकू नये म्हणून मी श्वास रोखून ऐकत होतो," श्रीकांत म्हणाला. "ताई, डबा दे."

त्याने डब्याचं फडकं सोडलं, खुर्ची मागे सारली आणि उभा राहिला. "ऋचा, तो ताशा घाल गळ्यात. यल्ला, चल."

नाच त्याला आजही येत नाही. पण ते तुपकट फडकं त्याने शेवटच्या गाण्यापर्यंत हलवलं, आणि ऋचाने जो ताशा कडाडवला तो ऐकून मी खुशाल रडले.

मी आता पुण्याला परतलेय. मैफलीत निश्चल बसले की वाटतं, गाणाऱ्याला आपलं मन कळत असेल ना? त्या दिवशी परतताना उघड्या डब्यातल्या दशम्या पार वातड झाल्या होत्या. मी फडकं मागितलं तर श्रीकांतने ते घडी करून खिशात घातलं.

"राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या कार्यक्रमाला लागेल."