नारळ दिला आणि घर गेलं

दलाल ठेवायचा नाही, असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं तेव्हाच मी कपाळाला हात लावला. "आपलं घर आपण विकू, त्यात काय एवढं?" म्हणत ह्यांनी पुठ्ठ्यावर पाटी रंगवली, 'फ्लॅट विकणे आहे. दलालांनी त्रास घेऊ नये', आणि ती मला गॅलरीत बांधायला लावली. पहिला फोन आला तो दलालाचाच. दुसराही. तिसरा तर गिऱ्हाईक बनून बायकोला घेऊन आला, दोनदा चहा प्यायला आणि जाताना स्वतःचं कार्ड ठेवून गेला!

घाई मला होती. आमचा फ्लॅट खांदा कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ह्यांचे गुडघे असे काही गेले की हे पावसाळ्याआधी जे वर आले ते खाली उतरलेच नाहीत. दर रविवारी पिशवी घेऊन मासळी बाजार गाठणारा माणूस, आता गॅलरीत बसून खाली जाणाऱ्यांची डोकी बघायचा. मी मासे आणले की कल्ला उघडायचा आणि म्हणायचा, "फसवलं तुला." अस्सा राग यायचा! मग आत जाऊन रडायलाही यायचं. मागच्याच गल्लीत तळमजल्याचं एक घर मिळत होतं. त्याचे मालक दिवाळीपर्यंत थांबणार होते आणि दिवाळी तोंडावर आली होती.

पण आमचे हे मला घर विकू देतील तर ना. कुणी आलं की स्वतःच सुरुवात करायचे, "बाथरूमची भिंत ओल धरते हं. आणि मे महिन्यात पाणी कमी येतं." मी मागून डोळे वटारायची. पाहुणे चहा पिऊन 'कळवतो' म्हणायचे आणि जिन्यातच गडप व्हायचे.

एका शुक्रवारी जासईहून सासू-सुना आल्या. सून इथल्याच शाळेत शिकवणारी, नुकतं लग्न झालेली. सासू ठसठशीत, आवाज खणखणीत. ह्यांनी ओलीचं पुराण लावलं तर म्हातारी म्हणाली, "ओल कंच्या घरान नाय? आमचे दारान दिवसरात ट्रेलर धडधडतान, त्यापरीस ही बरी." मला ती इतकी आवडली की भाव सांगायचंच राहिलं. तिनंही विचारला नाही. निघताना, पहिल्यांदा घरी आलेली नवी नवरी म्हणून मी सुनेला हळदकुंकू लावलं आणि ओढणीत नारळ-तांदूळ घालून ओटी भरली. म्हातारीनं नारळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि सुनेला घेऊन गेली. मी मनात म्हटलं, हेही गिऱ्हाईक गेलं.

रविवारी सकाळी खाली टेम्पो थांबला. गॅलरीतून बघते तर माणसं उतरतायत, उतरतायत, संपेचनात! म्हातारी, सून, दोन आडदांड मुलगे, आत्या, मावश्या, आणि एकीच्या डोक्यावर पेढ्यांचा खोका. सगळी वरात धाडधाड आमच्या दारात. "कोणाचं लग्न आहे?" शेजारीण दारातून ओरडली.

"घर झाला ना आमचा," म्हातारीनं तिच्याच तोंडात पेढा कोंबला. "बायनं सुनेचे पदरान नारल टाकला. आमचेत नारल पडला का बोलनी झाली. मंग मागं फिरायचा नाय."

माझी पाचावर धारण बसली. अहो, ओटी होती ती! पण बोलू कशी? पेढे अर्ध्या बिल्डिंगच्या पोटात गेले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे खुर्चीत बसून गदगदा हसत होते, डोळ्यांतून पाणी काढून. घासाघीस होणार म्हणून ह्यांनी महिनाभर घोकलेला एक फुगवलेला आकडा होता. पण नारळ दिल्यावर फुगवून सांगायचं कसं? ह्यांनी मुकाट्यानं खरा आकडा सांगितला. म्हातारीनं थोरल्या मुलाकडे बघितलं, त्यानं मान हलवली. झालं! मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"पन दादा, तुमी उठत कसं नाय?" म्हातारीनं विचारलं. मी गुडघ्यांचं सांगितलं, मागच्या गल्लीतल्या घराचं सांगितलं, आणि ह्यांनी ते अजून बघितलेलंही नाही हेही सांगून बसले.

"मंग चला, बगून येव!"

काही कळायच्या आत दोघा मुलग्यांनी ह्यांना खुर्चीसकट उचललं. "अरे, सावकाश! अरे, पडेन!" हे बोंबलतायत, पुढे पेढ्यांचा खोका, मागे आत्या-मावश्या, आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक हसतायत. दुसऱ्या मजल्यावर बोंबलणं थांबलं. पहिल्या मजल्यावर हे लोकांना हात करायला लागले. मी हातात ह्यांच्या चपला घेऊन वेड्यासारखी हसत मागून धावत होते.

खाली गेटपाशी मुलांनी खुर्ची टेकवली. मी चपला पुढे केल्या, पण ह्यांनी अनवाणीच पाय मातीवर ठेवले आणि नुसते बघत राहिले. तेवढ्यात आमची नेहमीची मासेवाली पाटी घेऊन वळणावरून आली. ह्यांना बघून तिनं पाटी जवळजवळ टाकलीच. "शेठ! कवा उतरलाव?"

ह्यांनी खूण करून पाटी खाली ठेवायला लावली. मग वाकले, पाटीतला एक पापलेट उचलला, कल्ला उघडून बघितला आणि परत ठेवला. दुसरा उचलला. मग तिसरा. आमची आख्खी वरात खोळंबून उभी. मी पिशवी आणायला वर निघाले, तर हे म्हणाले, "तू थांब गं. मी निवडतोय."