चामड्यावरची नावं

माझी वहिनी चामड्याशी जितकं बोलते तितकं माणसांशी बोलत नाही. हे मी नणंद म्हणून सांगते आहे, आणि नणंद जेव्हा वहिनीचं कौतुक करायला बसते तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असणार, एवढं तरी मान्य करा.

मांजलपूरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दादाचं घर आहे. घर दादाचं, पण गॅलरी वहिनीची. तिथे शिवणयंत्राचं जुनं टेबल, त्यावर संगमरवराची लादी आणि डब्यांमध्ये सुया, आरी, मेण लावलेला दोरा, रंगाच्या बाटल्या. वहिनी वह्यांना चामड्याची कव्हरं करते. आत साधी वही सरकवायची, ती भरली की दुसरी घालायची, कव्हर तेच. कडेला वेलबुट्टी, मध्ये एखादं फूल, आणि खाली ज्याची वही त्याचं नाव. फाइन आर्ट्सची मुलं स्कूटरवरून येतात आणि "मासी, आ तो बहु सरस छे" असं गुजरातीत म्हणत तासभर बसून राहतात. वहिनी त्यांना चहा पाजते आणि कव्हर दोन आठवड्यांनी मिळेल असं सांगते. घाई केली तर तीन आठवडे.

नाव उठवायचं काम सगळ्यात अवघड. चामडं ओल्या स्पंजने पुसायचं, थोडं सुकू द्यायचं, मग एकेका अक्षराचा ठसा ठेवून वर हातोडीचा एकच ठोका. दुसरा ठोका दिला की अक्षर दुहेरी दिसतं. ओल्या चामड्यावर नख लागलं तरी खूण कायमची राहते, म्हणून कामाला बसताना वहिनी हातातल्या बांगड्या काढून ठेवते. आमची आई आज असती तर तेवढ्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

ठसे दादाने केले. दादा म्हणजे मानसिंगराव. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्याची पस्तीस वर्षं गेली. मराठी अक्षरांचे ठसे बाजारात मिळेनात, तेव्हा त्याने पोलादाच्या कांड्या आणल्या आणि पाच महिने घासून घासून सगळी अक्षरं केली. पहिला 'क' उलटा उठला, कारण ठसा आरशातल्यासारखा कोरायचा हे एवढा मोठा कारागीर उत्साहाच्या भरात विसरला. तोंडाने मात्र "म्हातारपणी हे काय खूळ" असं चालूच. आमचे पणजोबा संस्थानच्या पलटणीत होते. पलटण गेली, संस्थान गेलं, रुबाब तेवढा दादाच्या वाट्याला आला. त्याला घरात कोणी नाही म्हणत नाही. वहिनी तर नाहीच.

वहिनीचं नाव येसूबाई. हे नाव तिला आमच्या घरी मिळालं. माहेरची ती स्नेहलता. लग्नात सुनेचं नाव बदलायचंच, अशी आमच्याकडची रीत, आणि नाव कसं ऐटदार हवं. लग्नाच्या दोन दिवस आधी आईला काही सुचेना, तेव्हा अकरा वर्षांची मी इतिहासाचं पुस्तक उघडून म्हणाले, येसूबाई ठेवा. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तांदळाच्या ताटात दादाने अंगठीने ते नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि एकवीस वर्षांची स्नेहलता त्या दिवसापासून संपली. तिला विचारायला हवं होतं हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझं स्वतःचं लग्न झालं तेव्हा माझं शलाका हे नाव तसंच राहिलं, कारण माझ्या नवऱ्याला दुसरं सुचलं नाही. तेव्हा कुठे मला वहिनीचं वाईट वाटायला लागलं. पण चाळीस वर्षांत मी तिला तसं बोलून दाखवलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

गेल्या हिवाळ्यात कुणालचं, म्हणजे माझ्या भाच्याचं, लग्न ठरलं. मुलगी मी राहते त्या तरसालीचीच, प्राची. फिजिओथेरपिस्ट आहे, बोलायला मोकळी. माझ्याकडे दोघांचं केळवण होतं. श्रीखंडाची दुसरी वाढणी सुरू होती आणि दादाने जाहीर केलं की सुनेचं नाव पद्मावती ठेवायचं. त्याच्या बोलण्यात विचारणं नव्हतं. प्राचीचा हात ताटातच थांबला. कुणालने पुरी मोडायला घेतली. वडिलांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते, तो तरी काय करणार!

जेवणं झाल्यावर प्राची स्वयंपाकघरात आली. मी आणि वहिनी भांडी आवरत होतो. म्हणाली, कागदोपत्री काही बदलणार नाही हे मला माहीत आहे, पण घरात रोज दुसऱ्याच नावाने हाक ऐकायची हे मला जमणार नाही. मग वहिनीकडे वळून म्हणाली, "आई, मला माझं नाव आवडतं. बाबांना कसं सांगायचं, तेवढं सांगा."

वहिनीने विचारलं, "खरंच नको ना तुला?" प्राचीने मान हलवली. वहिनी "बरं" म्हणाली आणि पातेलं पुसायला लागली.

मला रागच आला. प्राची गेल्यावर मी वहिनीला नको नको ते बोलले. तुला स्वतःला जे झालं तेच तू तिच्या वाट्याला येऊ देणार, तुझं तोंड शिवलंय का, मीच जाते आणि दादाशी भांडते. ती शांतपणे म्हणाली, वन्सं, तुम्ही मध्ये पडू नका. एकदा तुम्ही सुचवलंत तेवढं पुरे झालं. ती हे हसत म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं आणि तरी दर दिवाळीला माझ्यासाठी चिरोटे करून पाठवत होती.

लग्नाला चार दिवस राहिले होते. सुनेला द्यायच्या साड्या दिवाणावर मांडल्या होत्या. दादाने वहिनीला सांगितलं होतं की सुनेसाठी एक चांगलं कव्हर कर, आणि त्यावर नवं नाव घाल. वहिनीने ते साड्यांच्या शेजारी आणून ठेवलं. गुळाच्या रंगाचं चामडं, कडेने बारीक पानांची वेल, एकेक पान हाताने उठवलेलं. इतकं सुरेख काम मी तिचं पाहिलं नव्हतं. खाली नाव होतं, प्राची.

दादाने चष्मा लावला, काढला, परत लावला.

"यावर पद्मावती हवं होतं."

"ठसा बसला. आता निघत नाही," वहिनी म्हणाली. "तुम्हाला मी काय सांगायचं."

"मग दुसरं कर. चामडं नाही का?"

"चामडं आहे. मला करायचं नाही."

खोलीत मी होते, कुणाल होता. आम्ही दोघं साड्यांच्या घड्यांकडे बघत बसलो. दादाचा आवाज चढला. तो म्हणाला, घराण्याची रीत आहे, तुझंही नाव बदललं, तुझं काय वाईट झालं? एवढ्या वर्षांत वहिनी त्याच्यासमोर अशी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. तिचे हात पदराखाली होते.

"वाईट काही झालं नाही," ती म्हणाली. "पण मला कोणी विचारलं नव्हतं. हिला मी विचारलं."

दादा उठून गॅलरीत गेला. बराच वेळ तिथे तिच्या टेबलापाशी उभा होता. मला वाटलं, आता ठसे उचलून खाली फेकतो की काय. त्याच्या रागाचा काही नेम नाही. कुणाल मागोमाग जायला निघाला तर वहिनीने त्याला नजरेनेच बसवलं. मग दादा परत आला, कव्हर हातात घेतलं आणि नावावरून अंगठा फिरवला.

"च जरा तिरका बसलाय."

"हात कापत होता," वहिनी म्हणाली.

दादाने कव्हर साड्यांच्या वर नीट ठेवलं. लग्नाच्या दिवशी तांदूळ त्यानेच ताटात पसरले. कुणालने अंगठीने प्राची लिहिलं. आमच्या एका चुलत्यांनी विचारलं की हे कसं काय, तर दादा त्यांच्यावरच खेकसला की पेढा घ्या आणि पुढे व्हा.

पाहुणे पांगले तरी मी चार दिवस तिथेच मुक्काम ठोकला होता. शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिघी गॅलरीत होतो. वहिनी एका मुलाच्या कव्हरला टाके घालण्यासाठी भोकं पाडत होती आणि प्राची तिला सुईत दोरा ओवून देत होती. दादा हॉलमध्ये एकटाच बसला होता. आतून त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू, घसा खाकरून.

"स्नेहलता."

मला आधी कळलंच नाही की दादा कोणाला बोलावतोय. त्याच्या तोंडून हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. वहिनी मान खाली घालून होती तशीच होती. चाळीस वर्षं कोणी घेतलं नाही ते नाव, तिला स्वतःचं म्हणून ओळखूसुद्धा आलं नाही, असंच मला वाटलं. त्या नावाच्या जागी मीच तर दुसरं चिकटवलं होतं.

प्राची तिच्याकडे वाकून हळूच म्हणाली, "आई, बाबा तुम्हाला हाक मारतायत."

वहिनीने हातातली आरी लादीवर ठेवली.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "अजून एकदा मारू दे."