घरबसल्या शिकणारे आमचे इवाई

त्या शनिवारी आमच्या पडवीत हजर होते ते असे: मी; माझी सून सविता; शाळेत माझ्यासंगं खिचडी शिजवणारी गयाबाई; फोनच्या काचेमागं उस्मानपुऱ्यातल्या ट्रेनिंगवाल्या मॅडम; त्यांच्या आजूबाजूला चौकोनाचौकोनात बसलेल्या गावोगावच्या खिचडीवाल्या बाया, ज्यांची नावं मला ठाऊक नाय; आन खुर्चीत ताठ बसलेले आमचे इवाई, म्हणजे सवितेचे वडील. इवायांचं त्या तासाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी जिंदगीत चूल पेटवलेली नाय. पण फोनवर कुणी कुणाला शिकवतंय आन तिथं आमचे इवाई नाहीत, असं कव्हा झालेलं नाय. घरबसल्या शिकायसाठी एवढा हिंडलेला माणूस पुऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाय. त्या शनिवारी माझी बावीस वर्षांची चूल जायची होती, आन ती या माणसापायी जाणार असं मला वाटलं होतं. ते पुढं सांगते.

हिंडलेला म्हणते ते खोटं नाय. इवाई पिशोरचे, मळ्यात राहतात. तव्हा मळ्यात रेंज यायची ती फक्त विहिरीच्या काठावर. मशरूमच्या तासाला सर काहीतरी पटण्यासारखं बोलले, इवायांनी जोरात मान डोलावली, आन कानाला लावलेला फोन गेला पाण्यात. दुसरा फोन घेतला तव्हा त्यांनी ठरवलं, आता शिकायचं ते लेकीच्या घरी. आम्ही करमाडला. माझा लेक शेंद्र्याच्या कंपनीत, त्यानं घरात वायफाय बसवलेलं. मग पिशोरहून कन्नड, कन्नडहून संभाजीनगर, तिथून जालन्याच्या गाडीनं करमाड. पहाटं निघालेला माणूस तीन एसट्या बदलून अकराला पडवीत टेकायचा, फोन उघडायचा, आन त्यातून पहिलं वाक्य यायचं, "नमस्कार, आता शिका घरबसल्या." इवाई मान डोलवायचे. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट झाली, तिचं कुणाला काय सुख लागलं मला ठाऊक नाय. माझा शनिवार मात्र गेला.

त्यात रीतभात लई. लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नसतात म्हणून भाकरी फडक्यात, पाणी बाटलीत, सगळं पिशोरहून आणलेलं. सविता बिचारी च्या ठेवायची आन तो तसाच गार व्हायचा. एकदा पदर नीट करून मी विचारलंच, "पाव्हणे, लेकीच्या घरचं पाणी चालत नाय, मग वायफाय कसं चालतं?"

इवाई म्हणले, "इहीणबाई, पाणी जमिनीतून येतं, जमीन जावयाची. वायफाय हवेतून येतं. हवेचा सातबारा कुणाच्या नावावर असतो ते सांगा."

सातबारा मला वाचता कुठं येतो. मी तिसरीतून शाळा सोडलेली.

तास कशाचा, याचा त्यांना विधिनिषेध नव्हता. रेशीम झालं, शेळ्या झाल्या, शेअर बाजार झाला, गरोदर बायांचा आहार झाला. दातांची निगा कशी राखायची याचा पुरा तास केला, तोंडात एक दात नसताना. विचारलं तर म्हणले, "माहिती असावी." दर तासाचं सर्टिफिकेट यायचं, ते कन्नडला रंगीत छापून घ्यायचे. घराच्या भिंती भरल्या तशी सर्टिफिकेटं गोठ्यात गेली. तिथं म्हशीनं 'तणावमुक्त जगणं' खाऊन टाकलं. तव्हापासून म्हैस धार काढताना लाथ मारत नाय, असं इवायांनीच सांगितलं. म्हणले, "मला नाय लागू पडलं, तिला पडलं." हे लिहून घेताना सून म्हणते, आत्या, बाबांचं एवढं नका सांगू. मी म्हणलं, लिही. गोठा मी डोळ्यांनी बघितलाय.

बसायचे ते असे की नवरदेव बरा. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, जोडे उंबऱ्याबाहेर. फोन पाटावर, पाट स्टुलावर, कारण गुरू आपल्यापेक्षा खाली नसावा. सर म्हणले, "प्रश्न असेल त्यांनी हात वर करा," की हे खरोखरचा हात वर करायचे. तो कुठलं तरी बटण दाबून करायचा असतो म्हणे. यांचा हात अर्धा अर्धा तास वर, दुसऱ्या हातानं पहिल्याला टेकू. एकदा आवाज बंद आहे हे ठाऊक नसताना त्यांनी शेळ्यांच्या सरांना प्रश्न विचारला. प्रश्नात आधी आपलं गाव सांगितलं, मग भावकी, मग दोन शेळ्यांची तब्येत, मग एकीचा स्वभाव. सर मधीच दुसरंच बोलायला लागले. इवाई माझ्याकडं वळून हळूच म्हणले, "विचारात पाडलं सरांना."

पण सगळ्यात मोठं खूळ शेवटचं. तास संपला की बाकीचे लोक बाय बाय करून पळतात. इवाई उठायचे नाय. म्हणायचे, "पंगतीतून मधीच उठत नसतात. वाढणारा उठू द्या, मग आपण." सरांनी फोन बंद केल्याबिगर हे हात जोडून तसेच. आता कितीतरी सर बंद करायचं विसरतात. शेअर बाजाराचे सर, जे लोकांना लाखांत कसं खेळायचं ते शिकवत होते, ते तसेच समोर बसून डबा खायला लागले. इवाई पाऊण तास हात जोडून बघत बसले. मग माझ्याकडं बघून म्हणले, "गरीब माणूस हाय. नुसती चटणी होती." पुढच्या खेपेला पिशोरहून तुपाची बरणी घेऊन आले, सरांना कुठं धाडायची म्हणून. पत्ता कुणाला ठाऊक. बरणी परत गेली. लेकीच्या घरी ठेवली तर आम्ही परत काहीतरी देऊ, ही भीती.

आता माझं. माझा मालक गेला तव्हा लेक चार वर्षांचा. रस्त्यावर खडी फोडली, कापूस वेचला, दुसऱ्याच्या लग्नात भांडी घासली. सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाय, आन सांगून काही हलकं होत नाय. मग शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं, ते बावीस वर्षं केलं. भात शिजला का ते मी झाकण न काढता आवाजावरून सांगते. कुठलं लेकरू घरून उपाशी आलंय ते ताट धरायच्या पद्धतीवरून सांगते. लेक म्हणतो, आता बस घरी. पण घरी मी सासू हाय, तिथं मी कुणीतरी हाय.

तर वरून कागद आला. शिजवणाऱ्या बायांनी फोनवर ट्रेनिंग घ्यायचं, चार शनिवार. चौथ्याला परीक्षा. जी पास नाय तिच्या जागी दुसरी. हेडमास्तरांनी मान खाली घालूनच वाचून दाखवला. सविता त्याला वेबिनार म्हणायची, मी तास म्हणायचे. तास इवायांच्या फोनवर बघायचा, परीक्षा आपापल्या फोनवर द्यायची. मॅडम शिकवायच्या ते मला सगळं येत होतं, उलट दोन ठिकाणी मला वाटलं मॅडमनी एवढं मोठं पातेलं कव्हा उतरवलेलं दिसत नाय. पण परीक्षा लिहिलेली. दहा प्रश्न, दहा मिनिटं, चारातलं एक उत्तर दाबायचं. मी एक एक अक्षर जोडून वाचते. पहिलं वाक्य संपेस्तोवर गयाबाई सगळं दाबून मोकळी. ती सातवी पास. "जाते गं, म्हशी सोडायच्यात," म्हणली आन उठली. इवायांनी तिच्याकडं असं बघितलं की जशी ती भात टाकून उठली.

मी दुसऱ्या प्रश्नात होते. सवितेनं हात पुढं केला. "आत्या, द्या इकडं. तुम्हाला येतंय सगळं, मी नुसतं दाबते."

इवाई म्हणले, "सविते, फोनला हात लावू नको. दुसरं जेवलं म्हणून आपलं पोट भरत नाय."

"बाबा, जागा जाईल त्यांची."

"जाऊ दे. खोटं सर्टिफिकेट नको."

मी चाळीस वर्षांत परक्या पुरुषमाणसापुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी म्हणलं, "पाव्हणे, तुमची सर्टिफिकेटं म्हशी खातात. मला एकच पाहिजे, त्याच्यावर माझी चूल हाय."

सविता बापाकडं बघायची, माझ्याकडं बघायची, पण बापाचा शब्द तिला मोडवेना. तिसऱ्या प्रश्नात फोननं स्वतःहूनच सांगितलं, वेळ संपली. मी भिंतीला टेकले. रडले नाय. रडून चूल पेटत नसते, नुसता धूर होतो.

मॅडम म्हणल्या, "धन्यवाद, आता तुम्ही निघू शकता." पाऊस आल्यावर आठवडी बाजार उठतो तसे चौकोन पटापट उठले. मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले, आतल्या कुणाला तरी म्हणल्या, "चहा टाक गं." मग त्यांची नजर गेली. एकच चौकोन शिल्लक, त्यात टोपी आन जोडलेले हात.

"आजोबा, संपलं. निघा तुम्ही."

"आधी तुम्ही उठा, मॅडम."

"अहो, मी पाहुणे गेल्याशिवाय दार लावत नाही."

"मग आपलं जमणार नाय," इवाई म्हणले. मग त्यांनी सवितेला विचारून घेतलं, आवाज चालू हाय ना. आन म्हणले, "मॅडम, पंगतीत एक बाई उपाशी राहिली."

पाट उचलून त्यांनी माझ्यापुढं ठेवला. मी पदर ओढला. मॅडमना सगळं सांगितलं ते सवितेनं. मॅडम म्हणल्या, "वाचता येत नसेल तर तोंडी घेता येते की. दर वेळी शेवटी सांगायचं म्हणते, तोवर सगळ्या गेलेल्या असतात."

मग त्यांनी विचारलं, मी सांगितलं. जेवण आधी कोण चाखतं? मी, लेकरांच्या अर्धा तास आधी. काही झालं तर मला होऊ दे. उरलेलं काय करता? उरतच नाय, उरलं तर समजायचं आपण मीठ चुकलो. आग लागली तर? आधी लेकरं बाहेर, मग गॅस बंद, मग डाळीचं बघू. मॅडम हसल्या, पण दहाच्या दहा विचारले. शेवटी म्हणल्या, "मावशी, पास. आता चूल तुमचीच."

मी आत जाऊन च्या केला आन इवायांपुढं ठेवला. ते म्हणले, "इहीणबाई, लेकीच्या घरचं चालत नाय."

मी म्हणलं, "लेकीच्या घरचा नाय. चूलवाल्या बाईचा हाय."

त्यांनी बराच विचार केला. दोन घोट घेतले आन म्हणले, "साखर जास्त हाय." जास्त नव्हती. मला माहीत होतं, त्यांना बी माहीत होतं.

यंदा त्यांचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवत नाय. आन नशीब बघा, आताच मळ्यात टॉवर आला. आता ते खरंच घरबसल्या शिकतात, आन सवितेला सांगतात, यात काही मजा नाय, प्रवास नाय, काही नाय. त्या उस्मानपुऱ्याच्या मॅडम आता शनिवारी परसबागेचा तास घेतात. मला दोन वांगी लावायला तास लागत नाय, पण मी बसते. धुतलेलं लुगडं नेसून, फोन पाटावर ठेवून. एका चौकोनात इवाई, एकात मी. तास संपला की सगळे जातात. मॅडम म्हणतात, "तुमचं चालू द्या, मी चहा घेऊन येते." आम्ही काय बोलणार, इवाई-इहीण. ते विचारतात, "जेवलात?" मी म्हणते, "व्हय. तुम्ही?" मग दोघं गप बसतो, कुणी आधी उठायचं नाय म्हणून. परवा मळ्यातली लाईट गेली आन त्यांचाच चौकोन आधी विझला. त्यांना लई लागलं असंल. मी कुणाला बोलले नाय.

हे वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं हाय. अशा तासाला बसलात तर संपल्या संपल्या पळू नका. जरा थांबा, आन आपल्या मागं कोण राहिलंय ते बघून मग उठा.